मजकुरावरून सांकेतिक भाषेची हालचाल: मॉडेलचे हात छातीपाशीच का घुटमळतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मन दूरचित्रवाणीवरील हवामानवृत्तांच्या सांकेतिक भाषेतील डेटावर एक ट्रान्सफॉर्मर (मजकुरासारख्या क्रमांवर चालणारे न्यूरल मॉडेल) शिकवला, लॉस (चुकीचे माप) नेमाने उतरत गेला, उलट-भाषांतराचे (हालचाल पुन्हा मजकुरात आणून पाहण्याचे) गुणही वाईट आले नाहीत. परंतु सांध्यांच्या बिंदूंचा तयार झालेला सांगाडा पडद्यावर पाहिला, तर त्याचे हात छातीपाशी घुटमळतात, बोटे अर्धवट मिटलेली राहतात आणि काय सांगितले जात आहे ते कळत नाही. तेव्हा मॉडेल आणखी मोठे करावे का, मधल्या पायरीला ग्लॉस (संकेतांची लेखी नावे) वापरावेत का, आणि पुढे हेच काम मराठी मजकुरावरून भारतीय सांकेतिक भाषेसाठी करायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

मॉडेल मोठे करू नका. तुम्ही त्याच्याकडे सरासरी मागितली आणि त्याने ती प्रामाणिकपणे दिली आहे. प्रत्येक फ्रेममधील प्रत्येक सांध्याचे अपेक्षित स्थान आणि वर्तवलेले स्थान यांतील अंतराचा वर्ग कमी करणे, हे तुमच्या लॉसचे काम आहे. एकाच मजकुराच्या दोन योग्य हालचाली डेटात असतील, तर त्या दोहोंपासून मिळून कमीत कमी दूर असलेली जागा त्यांच्या मध्ये असते. आणि ती मधली जागा बहुतेक वेळा कोणत्याही भाषेतील कोणताही संकेत नसते.

हे जवळून पाहायचे असेल, तर तुमच्याच डेटातील एखादा वारंवार येणारा ग्लॉस निवडा आणि त्याची सर्व उदाहरणे पहिल्या फ्रेमपासून एकावर एक ठेवून फक्त मनगटाचा मार्ग काढा. समजा, संकेत कपाळापाशी सुरू होऊन छातीपाशी संपतो. एका दुभाष्याचा हात दहाव्या फ्रेमला कपाळाशी पोहोचलेला आहे, दुसऱ्याचा तेव्हा नुकता उचलला जात आहे, तिसरी व्यक्ती घाईत असल्याने तिचा संकेत संपत आलेला आहे. दहाव्या फ्रेमचे सरासरी स्थान गळ्यापाशी येते. त्यातच एखादी व्यक्ती डावखुरी असेल, तर एकीचा उजवा आणि दुसरीचा डावा हात मिळून दोन्ही हात अर्धे उचललेले असे चित्र तयार होते. कोणाच्या शैलीत आणि किती वेगाने संकेत करायचे हे मॉडेलला सांगितलेलेच नसल्यामुळे ते सर्वांच्या मधोमध उभे राहते. म्हणून पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे साइन करणाऱ्या व्यक्तीची ओळख मॉडेलला वेगळे इनपुट म्हणून देणे, आणि डावखुऱ्या व्यक्तींचा डेटा आरशात उलटवून घेणे. दुसऱ्या उपायात मात्र दिशादर्शक संकेतांची काळजी घ्यावी लागते, कारण हवामानाच्या नकाशावरील पूर्व-पश्चिम आरशात बदलते.

बोटांचा प्रश्न वेगळा आहे. मनगट दोन सेंटिमीटर सरकले तरी अर्थ सहसा बदलत नाही. अंगठा तर्जनीपासून दोन सेंटिमीटर दूर गेला तर हाताचा आकारच बदलतो आणि त्याबरोबर शब्दही. तुमच्या लॉसला मात्र हे दोन्ही दोष सारखेच वाटतात. विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण करताना हाताचा आकार, स्थान आणि हालचाल ही अर्थ वेगळा करणारी अंगे म्हणून मांडली. तळव्याची दिशा आणि चेहरा-डोके यांचा वाटा पुढच्या अभ्यासकांनी जोडला. मॉडेलची रचना या अंगांना धरून असावी. बोटांचे बिंदू मनगटाच्या सापेक्ष मोजा, निव्वळ निर्देशांकांऐवजी (बिंदूंच्या स्थानाच्या अंकांऐवजी) हाडांची वळणे वर्तवा, म्हणजे हाडे लांब-आखूड होण्याचा विचित्र प्रकार आपोआप थांबतो, आणि हातांच्या लॉसला स्वतंत्र वजन द्या. एवढ्यानेही बोटे बरीच उघडू लागतात.

तिसरे कारण फ्रेममागून फ्रेम वर्तवण्याच्या पद्धतीत आहे. सेकंदाला २५ फ्रेम असताना पुढची फ्रेम आधीच्या फ्रेमसारखीच असते, त्यामुळे मागची फ्रेम जवळपास जशीच्या तशी उतरवणे हा लॉस कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग मॉडेलला सापडतो. प्रशिक्षणात मागची फ्रेम खरी असते म्हणून हे खपून जाते. प्रत्यक्ष वापरात ती मॉडेलचीच असते, आणि मग पहिल्या काही फ्रेमनंतर हात गोठतात. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये प्रोग्रेसिव्ह ट्रान्सफॉर्मर मांडला, तेव्हा प्रत्येक फ्रेमबरोबर ० पासून १ पर्यंत चढणारा एक गणक वर्तवण्याची युक्ती वापरली: गणक १ वर आला की वाक्य संपले. त्याच कामात नक्कल रोखण्याचे उपायही आहेत. मागच्या फ्रेमवर गोंगाट (यादृच्छिक लहान बदल) मिसळणे, एकाच वेळी पुढच्या अनेक फ्रेम वर्तवायला लावणे आणि मागची फ्रेम अजिबात न देता केवळ गणक देणे, हे तिन्ही करून पाहण्याजोगे आहेत. तुमच्या वर्णनावरून तुम्ही यांपैकी काहीच केलेले दिसत नाही.

एवढे करूनही सरासरीचा मूळ दोष कमी होतो, जात नाही. तो घालवण्यासाठी एकापेक्षा अधिक योग्य उत्तरांना जागा देणारी पद्धत हवी. मिश्र घनतेची जाळी (अनेक संभाव्य उत्तरे एकत्र वर्तवणारी), विरोधी प्रशिक्षण (खरे-खोटे ओळखणारे दुसरे मॉडेल समोर ठेवून), डिफ्यूजन (गोंगाटातून टप्प्याटप्प्याने हालचाल घडवणे) या सर्व वाटा लोकांनी चोखाळल्या आहेत. माझा कल हालचालींचे आधी ठरावीक तुकड्यांच्या संचात रूपांतर करण्याकडे आहे: हातांसाठी एक संच, धडासाठी दुसरा, चेहऱ्यासाठी तिसरा, आणि मग ट्रान्सफॉर्मरने निर्देशांकांऐवजी या तुकड्यांची निवड करायची. निवड करणाऱ्या मॉडेलला दोन तुकड्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही. चुकले तर ते दुसराच संकेत करील, पण निदान स्पष्ट करील, आणि स्पष्ट चूक दुरुस्त करता येते.

आता ज्या गोष्टीपासून खरे तर सुरुवात व्हायला हवी होती, तिच्याकडे येतो. मॉडेल बाजूला ठेवा. मूळ चित्रीकरणातून काढलेला सांगाडा, म्हणजे ज्याला तुम्ही बरोबर उत्तर मानता तोच, आवाज आणि उपशीर्षकांविना त्या भाषेत वावरणाऱ्या बधिर व्यक्तीला दाखवा आणि काय कळले ते विचारा. तो कळत नसेल, तर त्यावर शिकलेले मॉडेल कळण्याची शक्यता नाही. तुमचा डेटासंच फिनिक्स या जर्मन वाहिनीवरील हवामानवृत्तांचा आहे. भाषांतरासाठीची त्याची आवृत्ती २०१८ मध्ये आली, तिच्यात ८,२५७ वाक्ये आणि ९ दुभाषी आहेत. चित्र २१० बाय २६० पिक्सेलचे. त्यात हात वेगाने फिरला की बोटे धूसर होतात, आणि धूसर बोटांवर बिंदू ओळखणारे कोणतेही साधन अंदाजच करते. शिवाय हे सर्व थेट प्रक्षेपणातले दुभाषीकाम आहे. वृत्तनिवेदकाच्या वेगाशी जुळवून घेताना दुभाषी गाळतात, जोडतात, जर्मन वाक्यरचनेकडे झुकतात. या क्षेत्राचे मोजमाप बरीच वर्षे या एका संचावर झाले, हे सोयीचे झाले असले तरी फारसे भाग्याचे म्हणता येणार नाही.

चित्रातून सांध्यांचे बिंदू काढण्यासाठी मीडियापाइप होलिस्टिक हे तयार साधन वापरत असाल, तर ते शरीराचे ३३, प्रत्येक हाताचे २१ आणि चेहऱ्याचे ४६८ असे एकूण ५४३ बिंदू देते. संख्या भरघोस आहे, पण खोलीचा, म्हणजे बिंदू पुढे-मागे असण्याचा, अंक एकाच कॅमेऱ्यावरून अंदाजाने आलेला असतो आणि एक हात दुसऱ्यासमोर आला की मागच्या हाताची बोटे उडी मारतात. भारतीय सांकेतिक भाषेच्या बाबतीत हा दोष अधिक बोचतो, कारण तिच्यात इंग्रजी अक्षरे बोटांवर दाखवण्याची प्रचलित पद्धत दोन हातांची आहे: एका हाताचे बोट दुसऱ्या हाताला नेमके कोठे टेकते यावर अक्षर ठरते. स्पर्श चुकला की अक्षर चुकले. स्वतः चित्रीकरण करणार असाल, तर निदान दोन कॅमेरे, सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम, भरपूर उजेड आणि लहान शटर वेळ ठेवा. मॉडेलच्या रचनेवर महिनाभर घालवण्यापेक्षा यातून जास्त हाती लागते.

ग्लॉसविषयी. ग्लॉस म्हणजे संकेतांची लेखी नावे, एकापुढे एक मांडलेली. प्रशिक्षणाचा डेटा थोडा असताना ते आधार देतात, यात शंका नाही. पण सांकेतिक भाषा ही एका रेषेत चालणारी गोष्ट नाही. ‘गाडी झाडावर आदळली’ या वाक्याचे ग्लॉस ‘झाड, गाडी, आदळणे’ असे लिहिता येतील. प्रत्यक्षात मात्र एका हाताने झाड जागेवर उभे केले जाते आणि ते तसेच ठेवून दुसरा हात वाहनाचा आकार घेऊन त्यावर जाऊन धडकतो. वेग, कोन, धक्का कोठे बसला, हे सारे त्या एका हालचालीत येते. ‘मी तुला देतो’ आणि ‘तू मला देतोस’ यांत क्रियापदाच्या संकेताची दिशा उलटते. हो-नाही प्रश्नात उंचावलेल्या भुवया एका शब्दाच्या नसतात, त्या वाक्याच्या असतात. ग्लॉसच्या ओळीत यांपैकी काहीच राहत नाही. म्हणून ग्लॉस वापरायचेच असतील, तर एका ओळीऐवजी समांतर पट्ट्या ठेवा: उजवा हात, डावा हात, चेहरा-डोके, आणि अवकाशात कोणाला कोठे बसवले आहे त्याची नोंद. नोंदणीचे काम वाढते, हे खरे. हाम्बुर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार झालेली हॅमनोसिस ही लेखनपद्धती आकार, स्थान आणि हालचाल चिन्हांत लिहिते, आणि तिच्यावर चालणारे अवतार (संकेत करणाऱ्या संगणकीय आकृत्या) या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. त्यांची हालचाल यांत्रिक दिसते, पण हात नेमका कोठे जाईल याची खात्री त्यांच्यात असते, आणि अशी खात्री तुमच्या ट्रान्सफॉर्मरकडे आज नाही.

उलट-भाषांतराच्या गुणांवर विसंबू नका. तयार झालेली हालचाल दुसऱ्या एका मॉडेलने पुन्हा मजकुरात आणायची आणि मूळ मजकुराशी किती जुळते ते पाहायचे, अशी ही परीक्षा आहे. परीक्षक मॉडेल त्याच हवामानवृत्तांवर शिकलेले असते. ‘उद्या उत्तरेकडे’ एवढे ओळखले, की पुढे पाऊस, वारा, ढग यांपैकी काहीतरी येणार हे त्याला हालचाल न पाहताही ठाऊक असते. पडताळा सोपा आहे: परीक्षकाला दुसऱ्याच वाक्याचा सांगाडा, किंवा पूर्णपणे गोठलेला सांगाडा द्या आणि तरी किती गुण मिळतात ते पाहा. ते गुण वजा केल्यावर उरते ती तुमची कमाई. शिवाय वेगवेगळ्या गटांचे परीक्षक वेगळे असतात, त्यामुळे एका शोधनिबंधातील आकडा दुसऱ्यातील आकड्याशी ताडण्यात अर्थ नसतो.

मराठीकडे वळू. आधी एक गैरसमज दूर करायला हवा: मराठी शब्दांच्या क्रमाने केलेले हातवारे म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा नव्हे. तिचे व्याकरण तिचे स्वतःचे आहे. काळ सांगणारा संकेत साधारणतः आरंभी येतो, नकार आणि प्रश्नशब्द शेवटी. प्रश्नार्थी एक सर्वसाधारण संकेत आहे आणि तो दुसऱ्या संकेताशी जोडून नेमका प्रश्न तयार होतो. चेहऱ्याच्या संकेताबरोबर ‘कोण’, जागेच्या संकेताबरोबर ‘कुठे’, संख्येच्या संकेताबरोबर ‘किती’. शाळेच्या सूचनेतील ‘उद्या शाळा नाही, परवा किती वाजता यायचे ते वर्गशिक्षकांना विचारा’ हे वाक्य घ्या. शब्दाला संकेत लावत गेलात, तर ‘किती’ वाक्याच्या मध्येच येईल आणि ‘ते’ या शब्दासाठी तुमचा कार्यक्रम कोशात व्यर्थ शोधत बसेल. भाषांतर करताना आधी वाक्याचे दोन तुकडे पडतात, दुसऱ्यात ‘परवा’ पुढे येते आणि वेळेचा प्रश्न शेवटी जातो. ‘विचारणे’ ही क्रिया शिक्षकांना ज्या जागी बसवले असेल, तिकडे वळते.

त्याआधी मराठी मजकुराची साफसफाई करावी लागते. ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेतून’ यांतून ‘शाळा’ काढणे हे रूपविश्लेषकाचे काम आहे आणि ते जमण्यासारखे आहे. अर्थाचा घोळ अधिक त्रास देतो. ‘कर भरा’, ‘फॉर्म भरा’, ‘पाणी भरा’ या तीन सूचनांतील ‘भरा’साठी एकच संकेत लावला, तर पाहणाऱ्याला हसू येईल, आणि पहिल्या सूचनेतील ‘कर’ हे क्रियापद समजले गेले, तर हसूही येणार नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१ मध्ये १०,००० नोंदींपर्यंत पोहोचला, तो उत्तम आधार आहे; परंतु त्यातून मराठी शब्दांकडे येण्याचा पूल तुम्हाला अर्थ पाहून हाताने बांधावा लागेल. यंत्रशिक्षणासाठीच्या संचांत २०२० चा इन्क्लूड २६३ शब्दांचा आहे, तर २०२४ मध्ये आलेल्या आयसाइनमध्ये १,१८,००० पेक्षा अधिक व्हिडिओ-मजकूर जोड्या आहेत. मजकूर इंग्रजी आहे. तो मराठीत यंत्राने भाषांतरित करून वापरता येईल, पण त्यावर पाठ्यपुस्तकी इंग्रजीची छाप राहील, आणि तुमच्या चाचणीची वाक्ये तरी मराठीत मुळातून लिहिलेलीच असावीत.

तर सुरुवात कोठून करावी? एखाद्या बंदिस्त विषयापासून. रेल्वे फलाटावरील घोषणा हे माझ्या दृष्टीने चांगले उदाहरण आहे: गाडीचे नाव, फलाट क्रमांक, किती उशीर, कोणता बदल, एवढ्यांतच बहुतेक वाक्ये संपतात. येथे मजकुरावरून हालचाल थेट निर्माण करण्याची गरज नाही. बधिर व्यक्तींकडून वाक्यांचे साचे पूर्ण वाक्य म्हणून चित्रित करून घ्या आणि रिकाम्या जागी येणारे अंक व स्थानकांची नावे त्या वाक्याच्याच ओघात, स्वतंत्र न तोडता, नोंदवा. स्थानकांसाठी स्थानिक बधिर समाजात रूढ संकेत असतात. प्रत्येक नाव अक्षरे जुळवून दाखवणे हे पाहणाऱ्याला जाचक होते.

जोडकामात नवखा माणूस हमखास जेथे अडतो, ती जागा सांगतो. कोशातील प्रत्येक नोंद हात खाली असताना सुरू होते आणि हात खाली गेल्यावर संपते. अशा नोंदी तशाच जोडल्या, तर प्रत्येक शब्दानंतर हात मांडीवर जाऊन परत येतात. मनगटाची उंची आणि वेग पाहून हे दोन्ही टोकांचे भाग कापा, मग पहिल्या संकेताच्या अखेरच्या स्थितीपासून दुसऱ्याच्या पहिल्या स्थितीपर्यंत वळणांच्या साहाय्याने जोड तयार करा. जोडाची लांबी ठरावीक ठेवू नका, हाताला पार करायच्या अंतरावर ती अवलंबून असू द्या. हालचाल गुळगुळीत करणारे फिल्टर जोडापुरतेच लावा; पूर्ण वाक्यावर लावले, तर संकेताच्या शेवटी हात जो क्षणभर ठाम थांबतो, तो थांबा विरघळतो आणि सर्व काही तरंगल्यासारखे दिसते. शिकवायचेच असेल, तर हा जोड मॉडेलला शिकवा. काम छोटे आहे, एका हालचालीतून दुसरीत जाण्याच्या योग्य वाटा मोजक्या आहेत, आणि सरासरीचा दोष येथे फारसा नुकसान करत नाही. चेहऱ्याची पट्टी वेगळी चालवा आणि ती शब्दांच्या सीमांना बांधू नका.

परीक्षा माणसांकडूनच घ्या, आणि ‘कसे वाटले’ असे विचारू नका. पाहुणचार म्हणून लोक चांगलेच सांगतात. वाक्य एकदा दाखवून काय कळले ते त्यांच्या भाषेत परत सांगायला लावा आणि ते उत्तर दुसऱ्या बधिर परीक्षकाकडून, ज्याला मूळ वाक्य ठाऊक नाही, लिहवून घ्या. त्याच अवतारावर खऱ्या माणसाची नोंदलेली हालचालही मधूनमधून मिसळा, म्हणजे दोष अवताराच्या रूपात आहे की हालचालीत, हे वेगळे कळेल. भारतीय सांकेतिक भाषेतील शब्दांत प्रांताप्रांतांत फरक आहेत, त्यामुळे मुंबईच्या माणसांवर केलेली चाचणी नागपूरसाठी गृहीत धरता येत नाही. या सर्व मंडळींना मोबदला द्या आणि संकेतांची निवड त्यांच्याकडे सोपवा, चित्रीकरण सुरू होण्याआधी. चित्रीकरणासाठी लेखी संमती घ्या. चेहरा झाकून सांकेतिक भाषेचा डेटा देता येत नाही, तेव्हा पुढे त्या चेहऱ्याचे काय होणार, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे लागते.

व्याप्ती वाढवताना जागतिक बधिर महासंघ आणि सांकेतिक भाषा दुभाष्यांची जागतिक संघटना यांनी २०१८ मध्ये काढलेले संयुक्त निवेदन डोळ्यांसमोर ठेवा: स्थानक किंवा हॉटेलातील आधी तयार केलेल्या, न बदलणाऱ्या माहितीसाठी अवतार चालू शकतो, पण माणसाच्या थेट दुभाषीकामाच्या जागी तो आणू नये. त्यामुळे दवाखाना, न्यायालय, पोलीस ठाणे यांसाठीची मागणी आली, तर ती नाकारा, मग निधी देणारा कितीही आग्रही असो. फलाटाच्या कामातही साच्यात न बसणारी घोषणा आली, तर यंत्राने ती बनवण्याचा प्रयत्न न करता मजकूर मोठ्या अक्षरांत दाखवावा आणि ते वाक्य पुढच्या चित्रीकरणाच्या यादीत टाकावे.